आमच्या गावाला राजा हवा होता

एप्रिल लागला की जळगावात पत्रे आणि परीक्षा दोन्ही एकदमच तापतात. परवा वर्गावर सुपरव्हिजन होतं. डोक्यावरचा पंखा वारा सोडून बाकी सगळं करत होता. आवाज करत होता, हेलकावे घेत होता, मधूनच विश्रांतीही घेत होता. मी इतिहास शिकवते आणि पेपरही नेमका इतिहासाचाच होता. 'प्राचीन खानदेशातील लोकसमूह व राज्ये यांचा आढावा घ्या.' अर्धा तास झाला असेल नसेल, तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. मला वाटलं, पुरवणी हवी असेल. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "मॅडम, राजा एकही आठवत नाहीये. नुसते लोक लिहिले तर चालतील का?"

सुपरव्हिजन करताना हसू नये असा काही नियम नाही, पण मुलं रडकुंडीला आलेली असताना हसणं बरं दिसत नाही. "येतं ते लिही," असं पुटपुटून मी व्हरांड्यात आले आणि तिथं एकटीच हसत उभी राहिले. खालच्या कडुनिंबाला मोहर आला होता. त्या वासाबरोबर मी थेट तापीकाठी, आमच्या गावच्या घराच्या धाब्यावर जाऊन पोचले.

गावाचं नाव सांगणार नाही. अमळनेर आणि शिंदखेडा यांच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे. नाव सांगितलं तर गावातले लोक हे वाचतील, आणि वाचलं की प्रत्येकजण फोन करून सांगेल की तसं नव्हतं, असं होतं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची अभ्यासाची सुट्टी होती. होस्टेलवर पाणी नव्हतं म्हणून मी पुस्तकांची पेटी घेऊन घरी आले होते. अभ्यासासाठी शांत जागा म्हणून मला धाबं मिळालं. आमच्याकडे जुन्या घरांना मातीचं सपाट छप्पर असतं, त्याला धाबं म्हणतात. पण उन्हाळ्यात धाबं ही गावातली सगळ्यात गजबजलेली जागा असते, हे मी चार वर्षं शहरात राहून विसरले होते. सकाळी सातलाच आई आणि शेजारणी शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचं पातेलं घेऊन वर यायच्या, ओल्या धोतरावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायच्या, आणि मला सांगायच्या, "तू वाच. आमचा काही त्रास नाही. फक्त कावळे हाकल." मी एका हातात सातवाहनांची वंशावळ आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बसायची. सातवाहनांचे बरेचसे राजे मी कावळ्यांच्या नादात पुढेमागे केले, ते अजूनही माझ्या डोक्यात तसेच आहेत.

त्याच सुमाराला नदीपलीकडच्या गावानं कमान बांधली.

कमान म्हणजे गावाच्या फाट्यावर, रस्त्याच्या दोन बाजूंना खांब आणि वर अर्धगोल. पलीकडच्या गावात नदीकाठी एक पडकं हेमाडपंती देऊळ आहे. त्याच्या जोरावर त्यांनी कमानीवर लिहिलं, 'यादवकालीन ऐतिहासिक नगरी आपले स्वागत करीत आहे.' यादवांचं राज्य, ज्याला सेउणदेश म्हणत, त्यात आपल्या खानदेशाचा बराच भाग होता हे खरं. पण त्यातल्या एकाही यादवानं त्या गावात पाणी तरी प्यायलं होतं का, ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या गावाला मात्र रात्रीत काहीतरी झालं. ज्या लोकांनी आजवर कधी इतिहासाचं नाव काढलं नव्हतं, ते पारावर बसून म्हणायला लागले, "आपलाकडे काबर नही?"

कमान समिती स्थापन झाली. अध्यक्ष नाना.

नाना म्हणजे माझे मोठे काका, वडिलांचे थोरले भाऊ. उभी हयात एसटीत कंडक्टर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खाकी शर्ट सुटला नव्हता, आणि खिशाला शिट्टी अजून होती. नाना घरात अहिराणी बोलत. रागावले किंवा सरकारी काम निघालं की मात्र प्रमाण मराठीत शिरत. त्यामुळे त्यांच्या भाषेवरूनच घरातल्या लोकांना हवामान कळे.

त्या संध्याकाळी ते धाब्यावर आले, बिबड्यांना वळसा घालून माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, तू इतली शिकनी शेस. गावले एक राजा शोधी दे."

"राजा?"

"कोनबी चाली. पन यादव नको. त्या नदीपारना गावना शेतस."

मी हसले. नाना हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे खरोखरीचं काम आहे. मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. चार वर्षं घरातले मला विचारत होते की इतिहास शिकून पुढं काय करतात. आता अख्खं गाव माझ्याकडे राजा मागत होतं.

पुढचे काही दिवस आमच्या ओट्यावर राजवंशांच्या मुलाखती झाल्या. मी एकेक घराणं मांडायची, नाना ते तपासायचे. काम सरकारी होतं म्हणून नाना प्रमाण मराठीत.

मी सातवाहन मांडले. फार मोठे राजे, दक्षिणेतलं पहिलं मोठं राज्य, आपल्यावरही त्यांचा अंमल.

"राजधानी?"

"पैठण."

नानांनी डोळे मिटले. "धुळ्याहून औरंगाबाद, तिथून पैठण. दोन गाड्या. उन्हाळ्यात जागा मिळत नाही. तो राजा आपल्याकडे कशाला येईल?"

मी क्षत्रप मांडले. ते मुळात बाहेरून आलेले, गुजरात-माळव्याकडचे. नाना म्हणाले, "म्हणजे आंतरराज्य सेवा. नको." वाकाटक सांगितले, अजिंठ्याची लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली ते. नाना क्षणभर हलले, कारण अजिंठा जळगावपासून फार लांब नाही आणि नानांनी तिथं कैक सहली नेल्या होत्या. पण त्यांची मूळ राजधानी विदर्भात, हे ऐकल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नागपूरची गाडी पहाटे. आणि लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत. पाहुणे विचारतील तेव्हा काय सांगणार?"

आज वर्गात नकाशा लावते तेव्हा नानांचं म्हणणं मला फारसं चुकीचं वाटत नाही. प्रत्येक राज्याला एक रंग दिलेला असतो, आणि तो रंग खानदेशापाशी येईपर्यंत फिका होतो. इथं कोणाची तरी सीमा असते, कोणाचा तरी मांडलिक असतो, कोणाची तरी वाट असते. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचं तर सातपुडा ओलांडून तापीचं खोरं लागणारच. सगळे इथून गेले. नाना तेव्हा म्हणाले होते, "आपला खानदेश म्हणजे धुळ्याचं स्टॅंड आहे. सगळ्या गाड्या लागतात. मुक्कामाला कोणी राहत नाही."

शेवटी मी आभीर काढले.

आभीर हे गुराखी लोक, पुढं राज्यकर्ते झाले. नाशिक-खानदेशाकडे त्यांची सत्ता होती, आणि आपली अहिराणी ही अहिरांची, म्हणजे आभीरांची बोली, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हे ऐकताच नाना उठून उभे राहिले आणि भाषाही बदलली.

"म्हनजे आपुन बोलतस ती राजानी भाषा शे?"

"तसं म्हणता येईल, पण..."

"पन बिन नही! गायी चारनारा राजा! आपला कडे बी गायी शेतस!"

आमच्याकडे तेव्हा एक म्हैस आणि एक वासरू होतं, पण ते सांगायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पारावर ठराव झाला. कमानीवर लिहायचं, 'आभीर सम्राटांची प्राचीन राजधानी.'

मी घाबरले. "नाना, राजधानी कशी? आभीर आपल्या गावात आल्याचा एकही पुरावा नाही."

नाना शांतपणे म्हणाले, "पुरावा म्हणजे काय? तिकीट. तिकीट नसलं तरी माणूस गाडीत असतोच ना?"

"पण अशा माणसाला तुम्ही गाडीतून उतरवत होता!"

नानांनी खिशाची शिट्टी चाचपली. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग तू पुरावा शोध. कमानीचं काम सुरू होईपर्यंत मुदत."

गावाच्या उत्तरेला, नदीकडे उतरताना एक उंचवटा आहे. त्याला आम्ही पांढर म्हणतो. सगळीकडे काळीभोर कपाशीची जमीन आणि मधेच हा राखेसारख्या पांढुरक्या मातीचा ढीग. पिकत काही नाही. पण धाब्यावर ही माती पसरली की पाणी गळत नाही, म्हणून गावानं पिढ्यानपिढ्या तिथून टोपल्या वाहिल्या. मला कॉलेजात कळलं होतं की अशी पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची खूण. माणसं राहिली, चुली पेटल्या, घरं पडली, त्यावर पुन्हा घरं झाली, त्याचा तो थर. म्हणजे मी ज्या धाब्यावर कावळे हाकलत इतिहास पाठ करत होते, ते धाबंच इतिहासाचं होतं, आणि त्यावर आई बिबड्या वाळवत होती.

पांढरीवर मला सखूअक्का भेटली. सखूअक्का कुंभारवाड्यातली, आईपेक्षा थोडी मोठी, तोंडानं तिखट. ती टोपली घेऊन माती न्यायला आली होती. मी उन्हात रुमाल बांधून खापराचे तुकडे वेचतेय हे पाहून तिनं टोपली खाली ठेवली.

"काय हारपनं?"

"राजा," मी म्हणाले.

ती पोट धरून हसली. मग माझ्या रुमालातला एक तुकडा उचलून तिनं थुंकी लावून पुसला. तांबूस अंगावर काळ्या रंगानं बारीक रेघा होत्या, आणि एक हरणासारखं जनावर, अर्धंच, तुटलेलं. सखूअक्काचं हसू थांबलं. तिनं तो तुकडा कानाशी नेऊन नखानं वाजवला, कडेवरून बोट फिरवलं, उन्हात तिरपा धरला.

"भट्टी चांगली लागनी याले. माती बी चाळेल शे. पन चाक मंद व्हतं." आणि मग त्या रेघांकडे बराच वेळ पाहत म्हणाली, "हाई बाईनं काम शे."

"कशावरून?"

"आमना घरमा चाकवर मानूस, रंगले बाई. मानूस इतलं बारीक करस नही, त्याले घाई ऱ्हास." तिनं जनावराच्या पायावर बोट ठेवलं. "आठे तिना हात हालना. कोनीतरी हाक मारी व्हई."

मी पुस्तकांतून किती खापरं पाहिली होती. त्यांच्या आकारांची नावं मला पाठ होती. पण ते रंगवताना कोणीतरी हाक मारली असेल आणि हात हलला असेल, हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. पुढचे चार दिवस सखूअक्का आणि मी मिळून तुकडे वेचले. ती प्रत्येक तुकड्यावर शेरा मारी, जणू शेजारच्या गावच्या कुंभाराचा माल बाजारात आलाय. "हाऊ आळशी व्हता." "हाई नवी सून व्हई, शिकी राहिनी." एका जाड, ओबडधोबड तुकड्याकडे पाहून तर ती खवळलीच. "असा माल कोनी इकत घेस का!" तो माल न खपल्यामुळेच कदाचित आमच्यापर्यंत पोचला होता.

तुकडे पाहायला मी माझ्या एम.ए.च्या प्रबंधाच्या गाईड सरांना कळवलं. ते जळगावहून आले, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. नानांनी त्यांचं फाट्यावर स्वागत केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोणत्या गाडीनं आलात? वेळेवर होती का?" गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. नाना इतके शरमले, की जणू ती त्यांनीच उशिरा आणली होती.

पारावर सगळं गाव जमलं. सरांनी तुकडे चादरीवर मांडले, चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. ते म्हणाले की ही वस्ती फार जुनी आहे, तीन हजार वर्षांहूनही मागची. आभीरांच्या आधीची, सातवाहनांच्या आधीची. ताम्रपाषाणयुगातले शेतकरी होते हे. तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणारे, धान्य पिकवणारे, गुरं राखणारे, नदीत मासे धरणारे.

"आणि राजा?" नानांनी विचारलं.

"राजा नव्हता. तेव्हा या भागात राज्यंच झाली नव्हती."

"नव्हता म्हणजे? रजेवर होता?"

"नव्हताच हो. हे साधे लोक होते. तुमच्या-आमच्यासारखे."

यापेक्षा वाईट बातमी सर देऊ शकले नसते. आमच्यासारखेच लोक हवे होते तर कमान कशाला बांधायची? लोक एकेक करून उठले. कोणीतरी म्हणालं, तीन हजार वर्षांत काही फरक पडला नाही म्हणायचा. सरांना भरीत-भाकरी खायला घालून नानांनी गाडीत बसवलं, जागा धरून दिली, आणि घरी येऊन माझ्याशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंद. एकाच ओट्यावर बसून नाना दारातल्या वासराला सांगत, "काही लोकांना गावाची इज्जत कळत नाही." वासरू कान हलवी. "काही लोक जास्त शिकलेत." प्रमाण मराठीत. नदीपलीकडचा एकजण बाजारात शेवभाजी खाताना त्यांना म्हणाला होता, "काय नाना, तुमना गावले राजाच नही म्हने?" आणि नाना अर्धी भाकरी ताटात टाकून उठले होते. हे मला वासराकडूनच कळलं.

मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. खोटं लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं एकदा मनात आलं. माझा प्रबंध तसाही कोण वाचणार होतं? पण मग त्या हललेल्या हाताचं काय करायचं? मी आभीरांना आणलं असतं तर ती बाई पुन्हा मातीखाली गेली असती, आणि या वेळी मीच तिला पुरलं असतं.

अशातच एका सकाळी सखूअक्का धापा टाकत घरात शिरली. "मशीन उनं! पांढर खोदी राहिनात!"

कमानीच्या पायाला भराव हवा होता. सगळ्यात जवळची माती पांढरीची, आणि तिथं राजा नाही हे तर आता सिद्धच झालं होतं. समितीनं जेसीबी बोलावला होता. समितीचे अध्यक्ष नानाच. मी चप्पल न घालता धावले. तापलेल्या मातीनं पाय भाजत होते.

मी पोचले तेव्हा मशीन थांबलेलं होतं. मी थांबवलं नव्हतं. त्यानं दोनच घास घेतल्यावर ड्रायव्हरनं ते स्वतःच बंद केलं होतं आणि तो खाली उतरून, हातातली टोपी चुरगाळत उभा होता. कापलेल्या कडेत, मातीत आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी होती. एकाचा पोटाचा भाग फुटला होता. आत काड्यांसारखी बारीक हाडं दिसत होती.

मला ते लगेच कळलं, कारण पुस्तकात वाचलं होतं. त्या काळचे लोक लहान मूल गेलं की दोन घागरी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. गावाबाहेर नेत नसत. घरातच ठेवत.

मागून नाना आले. काम का थांबलं म्हणून तावातावानं येत होते. "काय झालं? डिझेल संपलं का?" आणि मग त्यांनी पाहिलं. सखूअक्कानं पदर पुढे घेऊन त्या फुटक्या मडक्यावर सावली धरली.

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, कशालाही हात लावू नका, झाकून ठेवा, मी पुरातत्त्ववाल्यांना कळवतो. नानांनी माझ्या हातून फोन घेतला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"साहेब, कितलं व्हतं?"

पलीकडून सर म्हणाले असावेत, तीन हजार वर्षं, थोडी जास्तच.

"मी मातीनं वय नही विचारी राहिनू," नाना म्हणाले. "लेकरू कितलं व्हतं?"

सरांनी नानांमार्फतच माझ्याकडून मडक्यांचा आकार, हाडांची लांबी विचारून घेतली. दोन वर्षांचं असेल, म्हणाले. फार तर अडीच.

नानांनी मान हलवली. फोन मला परत दिला. आणि अगदी हळू, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "त्याले तिकीट लागत नही."

मग ते फिरले, खिशातली शिट्टी काढली आणि जोरात वाजवली. ड्रायव्हर दचकला. नाना प्रमाण मराठीत म्हणाले, "गाडी मागे घ्या. हा मार्ग बंद आहे." तो आधीच वर चढून गाडी मागे घेत होता, पण नानांनी त्याला दोन्ही हातांनी दिशा दाखवत शेतापर्यंत नेऊन सोडलं.

पुरातत्त्वाची माणसं येईपर्यंत आठ दिवस गेले. आठही दिवस नाना पांढरीवर खाट टाकून बसले. वर गोणपाटाचा आडोसा. लोक बघायला येत. नाना त्यांना रांगेत उभं करत, पुढच्यांना मागे आणि मागच्यांना पुढे ढकलत, आणि माहिती देत. त्यात माझ्या प्रबंधातलं थोडं, सखूअक्काचं बरंच आणि नानांचं स्वतःचं उरलेलं. नदीपलीकडचा तो शेवभाजीवाला आला तेव्हा सखूअक्का तिथं बसलेलीच होती. त्यानं विचारलं, "मंग राजा कोन?"

सखूअक्का म्हणाली, "राजा नही, म्हनून मुजरा बी नही."

नानांना हे इतकं आवडलं की पुढं ते आपलंच म्हणून सांगू लागले. वर स्वतःची भर, "तुमना यादव कालना पोऱ्या. त्यासना आधी आमनाकडे सैपाक व्हई गयता." माणसाचं अभिमानाचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर कसं जातं, ते मी त्या आठ दिवसांत पाहिलं. मला तेव्हा हसू येत होतं. आता वाटतं, इतिहास शिकवणारे आपण सगळे थोडेफार हेच करतो, फक्त शिट्टी नसते.

पुरातत्त्वाच्या लोकांनी फार जपून ती मडकी कापसात गुंडाळून नेली. नानांनी त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं, काय नेलं आणि कुठं नेलं, आणि खाली दोघांच्या सह्या. कमान झाली, पण तिच्यासाठी माती दुसरीकडून आली. वर काय लिहायचं यावर समितीत एकमत झालं नाही, म्हणून नुसतं 'सुस्वागतम्' लिहिलं. पेंटरनं 'सु'चा उकार उलटा काढला, तो अजून तसाच आहे.

माझा पहिला पेपर आखाजीनंतर तीन दिवसांनी होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तिच्याइतका मोठा सण नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्या दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजा भरलेल्या गोड सांजोऱ्या. घरातला कर्ता पुरुष गेलेल्यांचं एकेक नाव घेतो आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो.

नाना घागर आणायला कुंभारवाड्यात गेले आणि दोन घेऊन आले. एक नेहमीची. दुसरी ओंजळीत मावेल एवढी. सखूअक्कानं मुद्दाम केली होती, आणि तिच्या पोटावर काळ्या रंगानं एक हरीण काढलं होतं. चारही पाय नीट.

नाना उंबऱ्याशी बसले. त्यांनी आजोबांचं नाव घेतलं, बोट ओढलं. पणजोबांचं घेतलं. ज्या आजीला मी पाहिलं नव्हतं तिचं घेतलं, एका लहानपणी गेलेल्या भावाचंही. मग लहान घागर पुढे ओढून ते थांबले. कुंकवात बुडवलेलं बोट हवेत तसंच राहिलं. घ्यायला नाव नव्हतं. मी पाठीमागे उभी होते, आणि खानदेशातल्या सगळ्या प्राचीन लोकसमूहांची यादी मला पाठ होती, पण त्यातलं एकही नाव इथं चालणारं नव्हतं. ते लोक स्वतःला काय म्हणवत होते, ते कोणालाच ठाऊक नाही.

"आठे जे जे राही गयात," नाना म्हणाले, "त्या बठ्ठा." आणि त्या सगळ्यांसाठी त्यांनी एकच बोट ओढलं.

मग ताटातली सांजोरी उचलून ते लहान घागरीपाशी ठेवायला गेले. सांजोरी घागरीपेक्षा मोठी होती. त्यांनी तिचे दोन तुकडे केले, मग चार. आई दाराआडून पाहत होती. ती नानांशी सहसा थेट बोलत नसे, थोरल्या दिरांशी बोलायची आमच्याकडे तिच्या पिढीला सवय नाही. पण त्या दिवशी पदर सावरून ती पुढे आली आणि म्हणाली, "आजून बारीक करा. दाढा नही व्हतीन त्याले."

नानांनी ऐकलं. खाली वाकून, दोन बोटांनी, ते सांजोरी कुस्करत राहिले.